दहा वाजून दहा मिनिटे

घड्याळ वेळ दाखवते. मग जाहिरातीतले घड्याळ काय दाखवते? रोज डोळ्यांसमोर असूनही सहसा ध्यानात न येणाऱ्या एका पद्धतीची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचताना जवळ कागद, पेन्सिल आणि कंपासपेटी ठेवा.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. रद्दीत ठेवलेली जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके बाहेर काढा. त्यांत मनगटी घड्याळांच्या जाहिराती शोधा. दहा-बारा जाहिराती मिळाल्या तरी पुरे. घरात मोबाइल असेल तर त्यावर एखाद्या दुकानातली घड्याळे पाहिलीत तरी चालेल. प्रत्येक चित्रातल्या घड्याळात किती वाजले आहेत ते वहीत लिहा. काटे असलेलीच घड्याळे घ्या.

वहीचे पान भरण्याआधीच तुम्ही चकित व्हाल. पहिल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे. दुसऱ्यात दहा वाजून नऊ मिनिटे. तिसऱ्यात पुन्हा दहा-दहा. घड्याळ स्वस्त असो की महाग, पुरुषांचे असो की स्त्रियांचे, पट्टा चामड्याचा असो की धातूचा, वेळ जवळजवळ तीच! एखादे वेगळे सापडेल, पण एखादेच.

असे का बरे होत असेल? इतक्या कंपन्यांची घड्याळे एकाच वेळी कशी बंद पडली?

उत्तर शोधण्याआधी दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. तुम्ही उर्दूत ज्याला इश्तिहार म्हणता त्याला मराठीत जाहिरात म्हणतात. हा शब्द तुम्हाला परका वाटायला नको. तो जाहीर या शब्दापासून आला आहे आणि जाहीर तर तुमच्या उर्दूतलाच. घड्याळाच्या ज्या गोल चकतीवर आकडे असतात तिला तबकडी म्हणतात. हाही शब्द तबक, म्हणजे मोठी थाळी, यावरून आला. उर्दूत घडीला सुई असते, मराठीत घड्याळाला काटा असतो. टोचतात दोन्ही! लहान काटा तो तासकाटा, लांब काटा तो मिनिटकाटा आणि भरभर फिरणारा बारीक काटा तो सेकंदकाटा. घड्याळाच्या बाजूला जे छोटे बोंड असते, जे ओढून आपण वेळ लावतो, त्याला चावी म्हणतात.

आता थांबलेल्या घड्याळाविषयी. थांबलेले घड्याळ तुम्ही एका ठिकाणी नेहमी पाहता. मशिदीत नमाजाच्या वेळा दाखवणारी पाटी असते. पुष्कळ ठिकाणी तिच्यावर पाच-सहा लहान तबकड्या असतात: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा आणि जुमा. त्यांचे काटे आपोआप फिरत नाहीत. वेळ बदलली की कोणीतरी ते हाताने सरकवतो. ही घड्याळे चालत नसली तरी त्यांचा प्रत्येक काटा काहीतरी सांगत असतो. जमात किती वाजता उभी राहील हे त्यावरून कळते. काटा चुकीच्या जागी राहिला तर लोकांची जमात चुकेल.

जाहिरातीतले घड्याळही असेच हाताने लावलेले असते. छायाचित्र काढणारा चावी ओढून काटे हवे तिथे आणतो आणि मगच चित्र घेतो. पण त्याचे काटे कोणत्याही कामाची वेळ सांगत नाहीत. ते का लावले आहेत हे तबकडीवरच शोधावे लागते.

कागदावर एक मोठे वर्तुळ काढा. त्यावर बारा आकडे लिहा. बाराच्या जरा खाली एखाद्या कंपनीचे नाव लिहा, कारण बहुतेक घड्याळांवर नाव तिथेच असते. घरच्या कपाटात आजोबांचे जुने एच.एम.टी. घड्याळ असेल तर पाहा. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूर येथे मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांतल्या काही घड्याळांवर देवनागरी आकडेही होते. तबकडीची मांडणी मात्र जगभर चालते तीच. बाराखाली नाव. तीनच्या जागी पुष्कळदा तारखेची छोटी चौकट. सहाच्या वर बारीक अक्षरांत आणखी काही मजकूर. कधीकधी सहाशी सेकंदांची एक लहान तबकडी.

आता काड्यापेटीतल्या दोन काड्या घ्या. एक मोडून लहान करा. तिला तासकाटा समजा. वेगवेगळ्या वेळा लावून पाहू.

बारा वाजवा. दोन्ही काटे एकावर एक आले. दोन काट्यांचा एकच काटा झाला, शिवाय कंपनीचे नाव झाकले गेले. ज्या नावासाठी कंपनी जाहिरातीला पैसे मोजते तेच नाव दिसेना! सहा वाजवा. काटे सरळ उभ्या रेषेत आले, पण लांब काटा नावाला मधोमध कापून गेला. तीन वाजवा. पुन्हा तीच अडचण, आणि लहान काटा तारखेकडे बोट दाखवून उभा. सव्वानऊ वाजवा. नाव मोकळे झाले, पण आता लांब काट्याने तारीख झाकली. साडेपाच वाजवले तर सगळा भार खालच्या अंगाला येतो आणि वरची तबकडी ओकीबोकी वाटते.

आता दहा वाजून दहा मिनिटे लावा. एक काटा डावीकडे वर गेला, दुसरा उजवीकडे वर गेला. मधल्या जागेत कंपनीचे नाव अगदी चौकटीत बसवल्यासारखे दिसू लागले. तारीख मोकळी, सहाजवळचा मजकूर मोकळा. दोन्ही काटे वेगवेगळे आणि पूर्ण दिसतात. डावी-उजवी बाजू सारखी वाटते.

सारखी वाटते, पण ती खरोखर सारखी आहे का? हा प्रश्न गणिताच्या तासाला विचारण्यासारखा आहे. चला, हिशेब करू.

तासकाटा बारा तासांत ३६० अंश फिरतो. म्हणजे एका तासात ३० अंश आणि एका मिनिटात अर्धा अंश. मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश फिरतो. दहा वाजून दहा मिनिटे झाली तेव्हा मिनिटकाटा बाराच्या उजवीकडे ६० अंशांवर असतो. तासकाटा दहावर नसतो. तो दहाच्या पुढे ५ अंश सरकलेला असतो. म्हणून तो बाराच्या डावीकडे ६० अंशांवर नसून ५५ अंशांवर असतो. दोन्ही बाजूंत ५ अंशांचा फरक पडला. उजवा हात जरा जास्त खाली झुकला.

मग दोन्ही काटे बारापासून अगदी समान अंतरावर केव्हा येतील? दहा वाजून क्ष मिनिटांनी येतील असे समजा. त्या वेळी तासकाटा डावीकडे ६० वजा क्ष भागिले २ इतक्या अंशांवर असेल आणि मिनिटकाटा उजवीकडे ६ गुणिले क्ष इतक्या अंशांवर. दोन्ही समान मांडले की ६० = ६.५ क्ष असे समीकरण मिळते. क्षची किंमत आली सुमारे ९.२३ मिनिटे. म्हणजे दहा वाजून ९ मिनिटे आणि सुमारे १४ सेकंद. त्या क्षणी दोन्ही काटे बारापासून सुमारे ५५.४ अंशांवर असतात.

आता कंपन्या काय करतात ते पाहा. अमेरिकेची टायमेक्स कंपनी आपल्या घड्याळांत १० वाजून ९ मिनिटे ३६ सेकंद ही वेळ लावते. जपानच्या सिटिझनची वेळ आहे १० वाजून ९ मिनिटे ३५ सेकंद. जपानच्याच सायकोची वेळ आहे १० वाजून ८ मिनिटे ४२ सेकंद. तुम्ही वहीत काढलेले उत्तर बरोबर यांच्या मध्ये आले! काही सेकंदांच्या फरकाने काटे जेमतेम दोन-तीन अंश सरकतात. तेवढे डोळ्यांना कळत नाही.

या वेळांतल्या सेकंदांकडेही लक्ष द्या. सेकंदकाटा ३५-३६ सेकंदांवर असला की तो सातच्या जवळ येतो, ४२ सेकंदांवर असला की आठच्या पुढे. तो वरच्या दोन काट्यांच्या मध्ये शिरत नाही, म्हणून नाव मोकळे राहते. तो बरोबर ३० सेकंदांवरही नसतो, म्हणून सहाजवळची बारीक अक्षरे झाकली जात नाहीत. तीन काटे तीन दिशांना, आणि कोणी कोणाच्या वाटेत नाही. एवढा विचार एका बारीक काट्यासाठी! मला तर या सेकंदकाट्याचेच अधिक कौतुक वाटते.

येथे तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील आणि विचारील, “गुरुजी, दोनला दहा कमी असतानाही काटे असेच दिसतात. मग ती वेळ का लावत नाहीत?” शंका अगदी योग्य आहे. एक वाजून पन्नास मिनिटांनी लहान काटा उजवीकडे आणि लांब काटा डावीकडे असतो. आकार जवळजवळ तोच, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. याचे एक कारण असे सांगतात, की दहा-दहाचा आकार बरोबरच्या खुणेसारखा दिसतो. ती खूण करताना डावीकडची रेघ लहान असते आणि उजवीकडची लांब वर जाते. उर्दूच्या वहीत तुम्ही उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठीच्या वहीत डावीकडून उजवीकडे. पण गुरुजी दोन्ही वह्यांत बरोबरची खूण एकाच दिशेने करतात ना? वह्या उघडून पाहा. हे कारण मला अर्धेच पटते. एकदा दहा-दहाची सवय पडल्यावर कोणाला बदल करावासा वाटला नाही, हेही कारण असू शकेल.

कारण ही सवय फार जुनी नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांतील अमेरिकेतल्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत पुष्कळदा वेगळीच वेळ दिसते: आठ वाजून वीस मिनिटे. काड्या घेऊन ती लावून पाहा. याही वेळी डावी-उजवी बाजू सारखी दिसते. कंपनीचे नावही झाकले जात नाही. त्या काळच्या अनेक घड्याळांत सेकंदांची लहान तबकडी सहाशी असे. तिच्या दोन्ही बाजूंना दोन काटे उभे राहत. म्हणजे मांडणीत काही दोष नव्हता.

तरीही ती वेळ मागे पडली. हॅमिल्टन या अमेरिकी कंपनीच्या जाहिरातींत १९२६ मध्येच दहा-दहाची वेळ दिसते. टायमेक्सने पुढे १९५३ च्या सुमारास हळूहळू बदल केला. त्या वर्षी तिच्या एका घड्याळात ८:२० होते, तर दुसऱ्यात १०:१०. पुढे १०:१० हीच पद्धत झाली.

दोन्ही वेळांत मांडणी चांगली, तर मग फरक कशाचा? तुमच्या कागदावरच्या काड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. तबकडी म्हणजे एक गोल चेहरा आहे असे समजा. आठ-वीसला काट्यांची टोके खाली वळतात. जणू कोणीतरी तोंड पाडून बसले आहे. परीक्षेचा निकाल लागल्यावर काही चेहरे दिसतात ना, तसे! दहा-दहाला टोके वर वळतात आणि चेहरा हसरा होतो. दुकानात गिऱ्हाईक आल्यावर तोंड पाडून बसलेला दुकानदार कोणाला आवडेल?

हा नुसता कल्पनेचा खेळ आहे का, हे तपासण्याचा प्रयत्नही झाला आहे. अहमद करीम या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेले संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी आधी ॲमेझॉनवर विक्रीला असलेल्या पुरुषांच्या १०० घड्याळांची चित्रे पाहिली. त्यांतल्या ९७ चित्रांत वेळ दहा-दहाच्या आसपास होती. मग त्यांनी काही लोकांना घड्याळांची चित्रे दाखवली. काहींत १०:१० होते, काहींत ८:२०, तर काहींत ११:३०. दहा-दहाची घड्याळे लोकांना अधिक प्रसन्न वाटली आणि ती विकत घ्यावीत अशी इच्छाही वाढली. आठ-वीसने तसे काही झाले नाही. वेळ पाहून घड्याळ घेतले असे कोणी तोंडाने म्हणणार नाही. मनावर परिणाम मात्र झाला होता. अर्थात आपण लहानपणापासून हसरी घड्याळेच पाहत आलो आहोत. मग ओळखीचा चेहरा आवडला की हसरा चेहरा आवडला, हे वेगळे काढणे सोपे नाही.

आता एका जुन्या अफवेकडे वळू. दहा-दहाविषयी कोणाला विचारा. दहांपैकी एकजण तरी गंभीर चेहऱ्याने सांगेल, “अमुक एका थोर माणसाचा मृत्यू त्या वेळी झाला. त्याच्या स्मरणार्थ घड्याळे त्या वेळेवर थांबवतात.” गोष्ट ऐकायला मोठी चटकदार आहे. ऐकणारा लगेच मान हलवतो आणि दुसऱ्याला सांगतो. आपण मान हलवण्याआधी तारखा आणि वेळा पाहू.

सर्वांत अधिक नाव घेतले जाते ते अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे. १४ एप्रिल १८६५ रोजी रात्री सव्वादहाच्या सुमारास वॉशिंग्टनमधील एका नाट्यगृहात त्यांना गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्यांनी प्राण सोडला. म्हणजे मृत्यूची वेळ दहा-दहा नाही. गंमत अशी, की पूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या दुकानांबाहेर लाकडी किंवा पत्र्याच्या घड्याळांच्या पाट्या लावत आणि त्यांवर पुष्कळदा आठ-वीसच्या आसपासची वेळ रंगवलेली असे. तेव्हा लोक त्या वेळेलाही लिंकनच्याच मृत्यूची वेळ म्हणत! एक माणूस, एक मृत्यू आणि वेळा दोन. दोन्हीही चुकीच्या.

दुसरे नाव घेतात अध्यक्ष केनेडी यांचे. त्यांच्यावर २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबाराला गोळीबार झाला. हेही जुळत नाही. कोणी म्हणतात, हिरोशिमावर अणुबाँब पडला ती ही वेळ. तो बाँब ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी पडला. नागासाकीवरचा ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी. शिवाय हॅमिल्टनच्या जाहिरातीतले दहा-दहा हे १९२६ चे आहे. एकोणीस वर्षांनंतर घडणाऱ्या घटनेचे स्मारक आधीच कोण उभारील?

स्मरणार्थ लावलेली वेळ म्हणजे काय, याचे खरे उदाहरणही आहे. पण ते घड्याळाचे नाही, मोबाइलचे आहे. ॲपल कंपनीच्या जाहिरातींतल्या फोनवर ९:४१ ही वेळ असते. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन लोकांना दाखवला. भाषण सुरू झाल्यावर साधारण चाळीस मिनिटांनी फोनचे चित्र पडद्यावर येणार होते. सभागृहातल्या लोकांच्या घड्याळात आणि पडद्यावरच्या फोनमध्ये एकच वेळ दिसावी म्हणून ती तशी ठरवली, असे त्या कंपनीत काम केलेल्या माणसाने सांगितले आहे. सुरुवातीला ९:४२ होते, नंतर ९:४१ झाले. ही गोष्ट सांगणारा माणूस माहीत आहे आणि तारीख जुळते. दहा-दहाच्या अफवेत यांतले एकही नाही.

त्याच कंपनीच्या मनगटी घड्याळावर मात्र १०:०९ असते. म्हणजे जुन्या घड्याळवाल्यांची चाल नव्यांनीही उचलली. नुसते आकडे दाखवणाऱ्या घड्याळांना काटेच नसतात, त्यामुळे त्यांना हसू आणि रडू दोन्ही नाही. कॅसिओच्या अशा घड्याळांच्या पुष्कळ चित्रांत १०:५८ आणि ५० सेकंद ही वेळ दिसते.

आता एक अवघड प्रश्न. चित्रात काटे असे मुद्दाम लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे आहे का?

माझ्या मते नाही. शाळेत वर्गाचे छायाचित्र काढायचे असते त्या दिवशी तुम्ही केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून येता. त्यात काही खोटे नसते. आंबेवाला पेटीच्या वरच्या थरात चांगले, पिवळेधमक आंबे मांडतो. तीही सजावटच. पण खालच्या थरात पेंढ्याखाली डागी आंबे निघाले, तर मग ती सजावट राहत नाही. घड्याळात दहा-दहा वाजवल्याने घड्याळाचा कोणताही दोष झाकला जात नाही. चित्रातल्या दुसऱ्या काही गोष्टींबाबत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात.

पहिली गोष्ट आकाराची. चित्रातले घड्याळ कधी तळहाताएवढे, तर रस्त्यावरच्या फलकावर खोलीएवढे असते. खरे घड्याळ केवढे, ते बारीक अक्षरांत मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. समजा, ४० मिलिमीटर लिहिले आहे. कंपासमध्ये २० मिलिमीटर अंतर घेऊन कागदावर वर्तुळ काढा, ते कापा आणि मनगटावर ठेवून पाहा. दोन मिनिटांचे काम आहे. चित्र पाहून घड्याळ मागवायचे आणि घरी आल्यावर ते फार मोठे किंवा फार लहान निघायचे, हा त्रास त्यामुळे वाचतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. काही जाहिरातींत घड्याळाच्या काचेवर पाण्याचे टपोरे थेंब दिसतात, तर काहींत घड्याळ चक्क पाण्यात बुडालेले असते. तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर ३० मीटर असे लिहिलेले असते. पुष्कळ जण समजतात, की हे घड्याळ घालून तीस मीटर खोल पाण्यात जाता येईल. तसे मुळीच नाही. तीस मीटर खोलीवर जेवढा दाब असतो, तेवढ्या स्थिर दाबाची ही परीक्षा असते. पोहताना हात पाण्यावर आपटतात, तेव्हाची गोष्ट वेगळी. ३० मीटरचे घड्याळ वजू करताना किंवा पावसात उडालेले शिंतोडे सहन करते, एवढाच त्याचा अर्थ. ते घालून विहिरीत उडी मारलीत, तर आत पाणी शिरण्याची भीती आहे. आणि मग घडीसाजाकडे खेपा सुरू होतात. वडिलांनी पैसे साठवून घेऊन दिलेले घड्याळ असे एका उडीत जाते. खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार करता येते. पण अक्षरे छापलेली होती आणि ती आपणच वाचली नाहीत, तर तक्रार कोणाविरुद्ध करणार?

दुकानात गेलात तर तिथेही हीच पद्धत दिसेल. काचेच्या कपाटात वीस-पंचवीस घड्याळे ओळीने मांडलेली असतात आणि पुष्कळ घड्याळांत दहा-दहा वाजलेले असतात. जवळून पाहा. बॅटरीच्या नव्या घड्याळाची चावी थोडी बाहेर ओढलेली असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा अडकवलेला असतो. चावी बाहेर असली की काटे थांबतात आणि बॅटरी वाचते. काटे कुठेतरी थांबवायचेच, तर मग हसऱ्या जागी थांबवलेले बरे!

घड्याळ पसंत पडले, पैसे दिले, की दुकानदार तो तुकडा काढतो. स्वतःच्या मनगटाकडे पाहून वेळ लावतो आणि चावी आत दाबतो. सेकंदकाटा चालू लागतो. ते घड्याळ हातावर बांधा आणि पाहा: आता त्यात पावणेसहा वाजले असतील, नाहीतर साडेसात. कंपनीचे नाव कधी काट्याखाली झाकले जाईल, कधी तारीख. दहा वाजून दहा मिनिटे तुमच्या घड्याळातही वाजतील, सकाळी एकदा आणि रात्री एकदा.

शब्दार्थ

रद्दी – जुने, टाकाऊ कागद. ओकीबोकी – रिकामी, उदास. तोंड पाडणे – नाराज होणे. अफवा – खात्री नसलेली बातमी. चटकदार – ऐकायला मजेदार. डागी – खराब होऊ लागलेला. पेंढा – भाताचे वाळलेले गवत. दिशाभूल करणे – चुकीची समजूत करून देणे. खेपा – पुन्हा पुन्हा जाणे-येणे.

स्वाध्याय

१. मशिदीतल्या पाटीवरची घड्याळे आणि जाहिरातीतले घड्याळ यांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?

२. आठ-वीस या वेळेत मांडणीचा दोष नसूनही ती मागे का पडली असावी?

३. आठ वाजून किती मिनिटांनी व सेकंदांनी दोन्ही काटे बारापासून समान अंतरावर येतात? पाठातल्याप्रमाणे समीकरण मांडून काढा.

४. लिंकनविषयीची अफवा खोटी कशी ठरते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

५. तबक, जाहीर यांसारखे उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आढळणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे का?

६. उपक्रम : घड्याळांच्या वीस जाहिराती कापून वहीत चिकटवा. प्रत्येकीखाली वेळ लिहा. ज्या चित्रातली वेळ वेगळी असेल, ती तशी का लावली असावी याचा वर्गात विचार करा.